तारेवरचे बोंबील

रंभाबाईनं सहासष्ट साली माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या सासूनंही कधी दिला नाही, आणि सासू माझी काही गरीब गाय नव्हे. तरी कुणी केवडपाड्याचं नाव काढलं की मी रंभाबाईबद्दलच बोलायला लागतो. नर्मदा, म्हणजे माझी बायको, लगेच म्हणते, झालं सुरू यांचं. होऊ दे. ज्याच्या जिवाला घोर लागला होता त्यालाच ते माहीत.

मी एकनाथ, मूळचा कराडकडचा. तारापूरला विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं, तेव्हा तिथं दगड आणि खडी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडं मला नोकरी लागली. सालवडला एक खोली घेतली, बायको आणि दोन पोरं आणली. माझ्याकडं खदानीवरची कोठी होती, सुरुंगाच्या सामानाची. जिलेटिनच्या कांड्या, त्या पेटवायच्या टोप्या, वातीची भेंडोळी, सगळं माझ्या किल्लीत. कामात धोका असा काही नाही, फक्त डोकं थंड पाहिजे. आणि माझं डोकं मुळातच गरम. तरी पाच वर्षं मी ते काम चोख केलं, एक दिवस सोडून. त्या एका दिवसाचंच हे सगळं लचांड आहे.

रंभाबाई केवडपाड्याची, मच्छीमारांच्या घरातली. पाडा अगदी समुद्राला लागून. नवरा गोमा कावीळ होऊन गेलेला, एकच मुलगा नरहरी. ती दिवसाआड डोक्यावर पाटी घेऊन सालवडला यायची आणि आमच्या चाळीतल्या घाटावरच्या बायांना मासळी विकायची. विकायची कसली, शिकवणी घ्यायची. बोंबील असा धुवायचा नाय, असा कापायचा नाय, तुमी त्याचा पार चोथा करता. नर्मदा पहिल्यांदा वासानं दार लावून घ्यायची. तीन महिन्यांत ती कालवणात बोटं बुडवून चाटायला लागली. तेव्हापासून रंभाबाई आमच्या ओट्यावर हक्कानं बसायची, चहा मागून घ्यायची आणि साखर कमी पडली म्हणून बोलून दाखवायची.

आता त्या जागेचं सांगतो, कारण सगळं भांडण त्या जागेचं. पाड्याच्या मागं वाळूची एक लांबट मोकळी पट्टी. तिथं पाड्यातल्या बाया बोंबील सुकवायच्या. उभे बांबू रोवायचे, त्यांवर आडवे दोर ताणायचे, आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टाकायची, एक मासा या बाजूला, एक त्या बाजूला. याला ते वलांडी म्हणतात. आजे-पणजे तिथंच सुकवत आले. पावसाळा आला की मात्र सगळे बांबू उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि घराच्या माळ्यावर टाकायच्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जमिनीला नारळ देऊन ते पुन्हा रोवायचे. त्याआधी एकसुद्धा बांबू उभा करायचा नाही, असा रिवाज.

आणि सरकारी मोजणीदार नेमका आषाढात आला. होड्या वर ओढलेल्या, बांबू माळ्यावर, पट्टीवर गुडघाभर गवत. त्यानं लिहिलं, जागा पडीक, वापर नाही. बरं, पाड्यातली माणसं तिथंच उभी होती हो! त्यांनी त्याला चहा पाजला. पाऊस होता म्हणून नरहरीनं त्याच्या डोक्यावर छत्री धरली. छत्री! पण ही आमची सुकवणीची जागा आहे हे एकाच्याही तोंडातून निघालं नाही. मी नंतर विचारलं, तर म्हणे, त्यात सांगायचं काय, सगल्यांना ठावंच हाय. आता या माणसांना काय म्हणायचं तुम्हीच सांगा. महिन्याभरात आमच्या ठेकेदाराला ती पट्टी सामान ठेवायला मिळाली. त्यानं चारी बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि फाटकाशी पहाऱ्याला एक लाकडी खोपटी उभी केली.

नरहरी तेव्हा बावीस वर्षांचा. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. तो सुरुवातीपासून माथेफिरू होता असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्याशी भांडेन. त्या पोरानं आधी चार अर्ज केले. स्वतः लिहिले, अंगठे घेतले, एसटीनं पालघरला जाऊन एका कचेरीत दिले. कुठली कचेरी ते सांगत नाही, मला अजून तिथं काम पडतं. चौथ्या खेपेला तिथल्या कारकुनानं सांगितलं की, वापर आहे म्हणता तर दाखवा, कुंपणाला लागून चार बांबू रोवून ठेवा, आमचा माणूस बघून जाईल. झालं असतं तिथंच. पण पाड्यातली म्हातारी माणसं ऐकतात कुठं? दसऱ्याच्या आधी वलांडी उभी करायची नाय म्हणजे नाय. आत कुंपण, बाहेर रिवाज, आणि मधे हा पोरगा अर्जाचे कागद घेऊन.

मग एका रात्री पोरांनी तार कापली. दगडफेकही केली. पहारेकरी झुंबर, नगरकडचा, दुष्काळाला कंटाळून पोटासाठी आलेला, त्याच्या कपाळावर खोक पडली. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी नरहरीला तीन दिवस आत ठेवलं आणि सोडताना पाड्याच्या चौकात, बाया-पोरांच्या देखत, कान धरून उठाबशा काढायला लावल्या. शंभर. तो परत आला तो गप्प झालेला. कुंपणाची तार आता दुहेरी झाली.

आणि माझा तो एक दिवस त्यानंतरचाच. माझा हाताखालचा माणूस तापानं पडला होता, पेट्या उतरवायच्या होत्या, नरहरी खदानीवर काम मागायला आला. रंभाबाईचा पोरगा म्हणून मी त्याला कोठीत घेतला. दिवसभर त्यानं मुकाट्यानं पेट्या उचलल्या. संध्याकाळी मोजलं तर आठ कांड्या कमी, थोड्या टोप्या आणि वातही कमी. मी हादरलो. त्याच क्षणी साहेबाला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. नोकरी जाईल, पोरांना घेऊन कुठं जाऊ, असा विचार केला आणि त्या आठ कांड्या सुरुंगाला वापरल्या असं दाखवून टाकलं. माझं चुकलं. हे मी लपवत नाही, कारण पुढं मला जे भोगावं लागलं ते फुकट भोगावं लागलं नाही.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी रंभाबाई पाटी घेऊन आली. नर्मदा पाण्याला गेली होती. बाईनं दार लोटून घेतलं, वरचे बोंबील बाजूला केले आणि खालून तेलकट कागदात गुंडाळलेल्या सहा कांड्या काढून माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवल्या. मी ताट मागं सरकवलं. डोक्यावर जिलेटिन घेऊन ही बाई उन्हातून चार मैल चालत आली होती!

"ह्या तुज्या कोठीतल्या हायत," ती म्हणाली. "ठेवून घे. आनि वरडू नको."

झालं असं होतं. यंदा जागाच नाही तेव्हा माळ्यावरचे बांबू कोण सोडणार, असं पाड्यात सगळ्यांनी धरलं होतं. नरहरीनंही तेच धरलं. त्यानं बांबूंच्या पोकळ टोकांत एकेक कांडी सरकवली आणि वर काथ्या कोंबला. पण रंभाबाई! जागा असो-नसो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुडी सोडायची म्हणजे सोडायची. तिनं जुडी खाली घेतली, नारळ फोडला, आणि बांबू पुसता पुसता तिच्या हाताला काथ्या लागला. आईचा हट्ट पोराला बावीस वर्षांत कळला नाही, त्याला कोण काय करणार.

मी म्हटलं, सहाच? आठ होत्या. ती म्हणाली, सहाच गावल्या. दोन कांड्या त्या पोराच्या हातात होत्या, आणि दोन कांड्यांत काय होतं ते मी रोज खदानीत बघत होतो. मी खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. म्हटलं, मावशी, आता माझा इलाज नाही, मी पोलिसात चाललो. ती उठली नाही, तिनं मला अडवलंही नाही.

"जा," ती म्हणाली. "पोलिसांनी त्याला नेला तवा त्यानी नुसती तार कापलेली. परत आला तवा ह्या आनल्यान. आता आनखी एकदा न्या. मंग तो काय आनील, ते तूच सांग मला."

मी टोपी पुन्हा खुंटीला अडकवली. शेवटी चिडून तिलाच विचारलं, मग करायचं काय? ती म्हणाली, त्याच्या हातातलं काढून घेऊन भागणार नाही, त्याच्या डोक्यात जे घुसलंय ते काढायला पाहिजे, आणि ते जागेशिवाय निघणार नाही. मोजणीदाराला पुन्हा आणायचा. आषाढात आला होता, आता कार्तिकात आणायचा. बस्स, एवढंच. एवढंच म्हणे! जसा काही मोजणीदार माझा मेहुणाच लागत होता.

त्या सहा कांड्या मी दुसऱ्या दिवशी खदानीत उडवून टाकल्या आणि रजा टाकून पालघरला गेलो. एकदा नाही, पाच वेळा. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला साहेब जागेवर, पण फाईल दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला कारकून म्हणाला, तुम्ही त्या पाड्याचे नाही, ठेकेदाराचे नोकर, तुमचा संबंध काय? खरंच, माझा संबंध काय, हे मीही स्वतःला एसटीत बसून विचारत होतो. चौथ्या खेपेला रंभाबाईला सोबत नेलं. तिनं कारकुनाला विचारलं, तू बोंबील खातोस का? तो हो म्हणाला. मग ती म्हणाली, ते कुठं सुकतात ते बगाया ये. तो हसला आणि म्हणाला, झालेली मोजणी बदलायची तर वरून हुकूम लागतो, वरच्यांची तक्रार पाहिजे. पाचव्या खेपेलाही ती सोबत होती, आणि त्यानं तर मला ओळखलंही नाही. परत येताना मी रंभाबाईला तोंडाला येईल ते बोललो. तुझ्या पोरानं चोरी करायची, तू डोक्यावर बसायचं, आणि मी माझ्या रजा घालवायच्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एसटीतून उतरताना एवढंच विचारलं की, वरचे म्हणजे कोण, बंगल्यात राहतात ते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोंबलांनी भरलेली पाटी घेऊन कुंपणापाशी गेली आणि तारेवर बोंबील घालायला लागली.

हे बघायला पाहिजे होतं. तीच रीत, जबड्यात जबडा, एक मासा बाहेर, एक आत. काट्यांच्या मधली जागा बघून जोडी टाकायची. मागून दहा बाया आल्या, संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या. घोषणा नाही, झेंडा नाही, कुणी आत पाऊल टाकलं नाही, तारेला धक्का लावला नाही. तिसऱ्या दिवशी फाटकापासून सुरूच्या झाडांपर्यंत सगळं कुंपण बोंबलांनी पांढरं झालं. घारी जमल्या, मांजरं जमली. वारा समुद्राकडून यायचा आणि वास थेट पलीकडच्या, कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यांवर. दिवाळीच्या फराळाला बसलेली बंगल्यांतली माणसं नाकाला पदर लावून उठली म्हणतात.

ठेकेदार नुसता थयथयाट करत होता. त्यानं झुंबरला हुकूम सोडला, मासळी काढून फेक. झुंबर सरळ माणूस. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, एकनाथराव, आतला मासा आपल्या हद्दीत, बाहेरचा त्यांच्या हद्दीत, दोघांचे जबडे एकात एक. आतला ओढला तर बाहेरचा येतो, मग ती चोरी होते का? पोलीसही येऊन गेले. कुणी आत शिरलं नाही, काही कापलं नाही, तर गुन्हा कशाचा लिहायचा हे त्यांना सुचेना. एका हवालदारानं जाताना पाच-सहा जोड्या नेल्या, आणि रंभाबाईनं त्या रुमालात बांधून दिल्या.

मला वाटलं होतं ती एक दिवस बसेल आणि घरी जाईल. ती फाटकाच्या खोपटीच्या पायरीला चिकटलीच. खोपटी चार दगडांवर उभी, खाली हातभर पोकळी, पुढं एक लाकडी पायरी. त्या पायरीवर ती दिवसभर बसायची, तिथंच मासळी निवडायची, तिथंच भाकरी खायची आणि झुंबरलाही द्यायची. त्याच्या कपाळावरची खोक चिघळली होती, तिच्यावर तिनं हळद भरली. रात्रीही तिथंच आडवी व्हायची. मी म्हटलं, मावशी, लोक काय म्हणतील? तर म्हणे, मांजरं मासली नेतात, राखाया नको का? साठ घरांच्या पाड्यात मांजरं राखायला दुसरं कुणी नव्हतं जसं. तरणाताठा पहारेकरी आणि पन्नाशीची विधवा, चाळीत बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. नर्मदेनंही एकदा विषय काढला, मी तिच्यावर खेकसलो.

माझा जीव मात्र त्या दोन कांड्यांत अडकलेला. खदानीतला सुरुंग उडाला तरी मी दचकायचो. रंभाबाईला रोज विचारायचो, काही बोलला का तो? नाही म्हणायची. नरहरी रोज तिथं यायचा, हे मी बघत होतो. लांब सुरूच्या झाडाखाली उभा राहायचा, मग जवळ येऊन आईला म्हणायचा, घरी चल. पहिल्यांदा साधं म्हणायचा. मग ओरडून. एकदा तर त्यानं तिचा दंड धरून ओढलं, डोळ्यांत पाणी आणून ओढलं. ती हलली नाही. म्हणाली, मासली सुकू दे, मंग येते. मला वाटलं, आई अशी रस्त्यावर बसली याची त्याला लाज वाटते. मला त्याचा भयंकर राग आला. म्हटलं, आईच्या जिवावर उड्या मारतोस आणि वर तिची लाज वाटते होय?

बंगल्यातल्या तक्रारी वर गेल्या. अर्ज चार महिने दौऱ्यावर होते, पण वासाला कुठली फाईल लागते? सतराव्या दिवशी मोजणीदार आला. तोच, आषाढातला. नाकाला रुमाल लावून जीपमधून उतरला आणि ते लांबच लांब पांढरं कुंपण बघून तसाच उभा राहिला. म्हणाला, इथं तर गवत होतं. रंभाबाई पायरीवरूनच म्हणाली, गवत होतं तवा मासली नसते, मासली असते तवा गवत नसतं, तू आदीच इचारलं असतंस तं एकदाच यावं लागलं असतं. माणूस बिचारा ओशाळला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हेही खरंच होतं.

मोजणीची साखळी धरायला दोन माणसं लागतात. त्याच्याबरोबर एकच होता, दुसरा तापानं पडलेला. त्यानं पाड्यातलं कुणीतरी द्या म्हटलं. गर्दीतून कुणी पुढं होईना. रंभाबाईनं हाक मारली.

"नरा, इकडं ये. पावसात छत्री तूच धरलीस ना? मंग साखली पन तूच धर."

नरहरी आला. मोजणीदारानं नकाशा पाहिला आणि म्हणाला, खोपटीच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात, तिथं खुंटी ठोका. त्याच्या माणसानं लोखंडी खुंटी खोपटीच्या कोपऱ्याला, दगडाला लागून टेकवली आणि घण उचलला. तेवढ्यात नरहरी ओरडला, थांबा. असा ओरडला की घणवाल्याचे हात वरच राहिले.

त्यानं साखळी टाकली, वाळूत पालथा पडला आणि खोपटीखाली शिरला. मला फक्त त्याचे पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट कागदातलं एक पुडकं होतं, दोन्ही तळव्यांवर धरलेलं, तान्हं मूल धरतात तसं. चेहरा राखेसारखा. तो सरळ माझ्याकडं चालत आला आणि ते पुडकं त्यानं माझ्या हातांत दिलं. वजनावरूनच मला कळलं. एका कांडीत टोपी बसवलेली होती आणि वातीचं शेपूट बाहेर लोंबत होतं.

मोजणीदारानं चिडून विचारलं, काय आहे ते? काम खोळंबलंय इथं.

"भाकरी हाय," रंभाबाई म्हणाली. "शिली झाली."

मी ती शिळी भाकरी घेऊन खदानीकडं कसा चाललो ते माझं मला माहीत. कांडीतली टोपी काढताना मी स्वतःलाच शिव्या घातल्या. तापलेल्या खोपटीखाली सतरा दिवसांत कागद आतून ओला झाला होता. हे सामान उष्णतेनं घामेजतं, आणि घामेजलं की साध्या धक्क्यालाही ऐकत नाही. मी दोन्ही कांड्या लांब, रिकाम्या खड्ड्यात उडवल्या.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मनाला लागून राहणार नाही. नरहरीनं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत साखळी धरली. मोजणीदारानं लिहिलं की जागा हंगामी वापराची, मासळी सुकवण्याची, वर्षाचे आठ महिने. पट्टी सगळी नाही मिळाली, दोन हिस्से मिळाले, एक ठेकेदाराकडं राहिला. पौषात कुंपण मागं घ्यायचा हुकूम आला. ठेकेदाराची माणसं चालढकल करत होती, तर नरहरीनं आणि त्याच्या दोस्तांनी हुकुमाचा कागद झुंबरला दाखवून भर दिवसा सगळे खांब उपटले आणि एका बाजूला नीट रचून ठेवले. झुंबरनं मोजून घेतले. त्याच्या खोपटीखाली काय होतं ते झुंबरला मी आजतागायत सांगितलेलं नाही.

पण त्या मोजणीच्या दिवशी, खदानीतून परत आल्यावर, मी रंभाबाईला गाठलं. जीप गेली होती, बाया तारेवरची मासळी उतरवत होत्या, ही अजून पायरीवरच बसलेली. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी. पायरीखालची वाळू झाडताना वातीचं टोक दिसलं होतं.

आता माझा तोल गेला. सतरा दिवस! सतरा दिवस आणि सतरा रात्री ही बाई त्या सामानावर बसली होती, झोपली होती, वर मला मांजरं सांगत होती. आणि तो पोरगा रोज येऊन, घरी चल म्हणून रडत होता तो लाजेनं नव्हे. मी तिला मूर्ख म्हटलं, हट्टी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. मी जिलेटिनवाला माणूस, रोज तुझ्यापुढं उभा राहून दोन कांड्या कुठं असतील म्हणून घाम पुसत होतो, तर नुसतं बोट दाखवायला तुला काय झालं होतं? एका मिनिटात काढल्या असत्या!

"म्हनून तं नाय सांगितलं," ती म्हणाली. "तू काडल्या असत्यास. मंग त्यानी दुसऱ्या जागी दुसऱ्या ठेवल्या असत्या. ज्यानी ठेवल्यान, त्याच्याच हातानी निगाया होव्या होत्या."

"आणि नसत्या निघाल्या तर? त्यानं वात पेटवली असती तर?"

"कशी पेटवील? मी बसलेली होते ना वर."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पाटीतले चार बोंबील काढून माझ्या हातावर ठेवले, आणि नर्मदेला सांग नीट धू म्हणून, असं बजावून पोराच्या मागून घराकडं चालायला लागली.